पहाटेच्या उजेडातला बर्फ छायाचित्रात पांढराच का दिसायला हवा?

पहाटवाट (धागाकर्ता)

हिमशिखरांची पहाटे टिपलेली छायाचित्रे कोणी चर्चेला ठेवली की पहिल्या काही प्रतिसादांतच 'बर्फ निळा पडला आहे, व्हाइट बॅलन्स दुरुस्त करा' असा शेरा हमखास येतो. (व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरी वस्तू छायाचित्रातही पांढरी दिसावी म्हणून केलेली रंगांची जुळवणी.) हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी पहाटेच्या छायाचित्रांपुरता तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची चिकित्सा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

बर्फाला स्वतःचा म्हणावा असा रंग जवळजवळ नसतो. ताज्या हिमाचे कण दृश्य प्रकाशातले सगळे रंग जवळपास सारख्याच प्रमाणात परतवतात आणि त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतात. त्यामुळे ज्या रंगाचा उजेड पडेल, तो रंग बर्फ घेतो. सूर्योदयापूर्वी त्याच्यावर पडणारा सगळा उजेड आकाशाचा असतो, म्हणून उतार निळे दिसतात. सूर्य क्षितिजावर आला की एकाच चौकटीत दोन वेगळे दिवे लागल्यासारखे होते. उन्हात आलेल्या शिखरावर २००० ते ३००० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळा) आसपासचा तांबूस प्रकाश असतो, तर त्याच शिखराच्या सावलीतल्या अंगावर निळ्या आकाशाचा, कधी कधी १०,००० केल्विनच्याही पुढे जाणारा प्रकाश असतो. व्हाइट बॅलन्सचा आकडा मात्र सगळ्या चौकटीला एकच लागू होतो. सावलीतला बर्फ पांढरा करायला जावे, तर शिखर भडक नारिंगी होते. शिखर पांढरे करायला जावे, तर खालचे उतार गडद निळ्या रंगात बुडतात. ऑटो व्हाइट बॅलन्स या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तडजोड करतो आणि ज्या फरकासाठी आपण अंधारात उठून तिथवर गेलेलो असतो, नेमका तोच फरक पुसट करून टाकतो.

म्हणून मी रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवून, छायाचित्रे घेतो आणि व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान, पक्का ठेवतो. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरे असले, तरी पहाटेपासून ऊन चढेपर्यंतची सगळी छायाचित्रे एकाच मापाने घेतलेली असली, तर प्रकाश कसा बदलत गेला ते पडद्यावर तिथल्या तिथे कळते आणि कुठल्या क्षणी थांबायचे हेही ठरवता येते. आपले अनुभव आणि आक्षेप, दोन्हींचे स्वागत आहे.

तिपाई

रंगाबाबत सहमत आहे. परंतु माझ्या मते रंगाआधी एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड येऊ द्यायचा याचा, प्रश्न सोडवायला हवा, कारण तिथे गडबड झाली तर रंग वाचवायला काही उरतच नाही.

कॅमेऱ्यातला मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटभर बर्फ असला की तो त्यालाही करडा करतो, आणि म्हणून 'बर्फ असेल तर एक ते दोन स्टॉप वाढवा' हा नियम सर्वत्र सांगितला जातो (एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे). दिवस वर आल्यावर, सगळा उतार उन्हात असताना हा नियम चांगला चालतो. पहाटे मात्र तो आंधळेपणाने वापरू नये. त्या वेळी चौकटीचा मोठा भाग सावलीत असतो आणि उजळलेला भाग वरच्या टोकापुरता असतो. मीटर त्या सावलीला पाहून आधीच एक्स्पोजर वाढवून बसलेला असतो. त्यात आपण आणखी दोन स्टॉपची भर घातली, तर शिखराचे टोक पांढरेफटक होऊन जाते.

दुसरी गोष्ट हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातल्या छटांच्या आलेखाची (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ), आणि ती जरा सविस्तर सांगावीशी वाटते. अशा दृश्याच्या हिस्टोग्राममध्ये डावीकडे सावलीतल्या उतारांचा रुंद उंचवटा असतो आणि उजवीकडे, पुष्कळ मोकळी जागा सोडून, उजळलेल्या शिखराची बारीकशी रेघ असते. शिखराने व्यापलेली जागा थोडी असल्यामुळे ती रेघ इतकी बुटकी असते की घाईत ती नजरेतून सुटते. एकत्रित पांढऱ्या आलेखात ती उजव्या भिंतीपासून बरीच आत दिसते आणि आपण निश्चिंत होतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगळे उघडले की मग कळते की लाल आलेखाची रेघ भिंतीला केव्हाच टेकलेली आहे. पहिल्या गुलाबी उन्हात लाल चॅनेल सर्वांत आधी भरतो. तो भरला की गुलाबी रंगातल्या छटा संपतात आणि शिखरावर पिवळसर, सपाट डाग उरतो, ज्यात बर्फाचा पोत परत आणण्याचा कुठलाही खात्रीचा उपाय नाही. त्यामुळे पहाटे मी शिखरासाठी एक्स्पोजर ठरवतो आणि सावली गडद येऊ देतो. अलीकडच्या चांगल्या सेन्सरवर कमी आयएसओला (उजेडाबाबतच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) घेतलेल्या रॉ फाइलमधून सावलीतला तपशील वर काढता येतो. गेलेला लाल रंग परत येत नाही.

हेही लक्षात ठेवावे की कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉचा नसून कॅमेऱ्याने आतल्या आत तयार केलेल्या जेपेगचा असतो. 'व्हिव्हिड' किंवा 'लँडस्केप'सारखी भडक पिक्चर स्टाइल ठेवली असेल, तर लाल चॅनेल प्रत्यक्षाहून लवकर भरल्यासारखा दिसतो. मी 'न्यूट्रल' ठेवतो.

जुनी_फिल्म

तिपाई यांनी जे सांगितले त्याची जुनी आवृत्ती सांगतो. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) मध्यम करडी छटा पाचव्या झोनमध्ये येते, आणि पोत दिसायला हवा असा उन्हातला बर्फ सातव्या ते आठव्या झोनमध्ये ठेवतात. म्हणजे उजळलेल्या बर्फाचे स्पॉट मीटरने (लहानशा भागाचाच उजेड मोजणाऱ्या मीटरने) माप घ्यावे आणि त्याहून दोन स्टॉप, फार तर थोडे अधिक, एक्स्पोजर द्यावे. येथे माप चौकटीच्या सरासरीचे नसून त्या उजळ तुकड्याचे असते, त्यामुळे सावली किती मोठी आहे याचा काही संबंधच राहत नाही. डिजिटलवर हीच पद्धत वापरताना मी दीड स्टॉपवर थांबतो, कारण फिल्म वरच्या टोकाला हळूहळू हार मानते, सेन्सर मात्र एकदम मानतो.

अ‍ॅडम्स यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून सिएरा नेवाडा पर्वतरांगेचे जे हिवाळी सूर्योदयाचे छायाचित्र घेतले, ते या धाग्याच्या विषयाला अगदी लागू आहे. मागे उन्हात आलेली हिमशिखरे, मध्ये पूर्ण काळ्या टेकड्यांची रांग, आणि पुढे उन्हाच्या पट्ट्यात चरणारा एक घोडा. त्या मधल्या टेकड्यांमध्ये तपशील दिसावा म्हणून त्यांनी अजिबात धडपड केलेली नाही, आणि शिखरे जी पेटून उठल्यासारखी दिसतात ती त्या काळोखामुळेच. सध्या सावली ओढून वर काढण्याची जी सवय लागली आहे, तिच्यापायी पुष्कळ चांगली छायाचित्रे फिकी पडत आहेत. तिपाई यांच्या 'वर काढता येते' या वाक्यापुढे 'पण दर वेळी काढू नये' असे मी जोडेन.

अवांतर: त्या टेकडीवर गावातल्या शाळकरी मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची दोन आद्याक्षरे काढलेली होती. अ‍ॅडम्स यांनी ती निगेटिव्हवर आणि प्रिंटवर हाताने बुजवली आणि ते उघडपणे सांगितलेही. 'पूर्वी छायाचित्रे जशीच्या तशी असत' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कोरडे_सत्य

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी माझी असहमती आहे. बर्फावर पडणारा उजेड निळा असतो हे भौतिकशास्त्र झाले. परंतु त्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला बर्फ तितका निळा दिसत नाही. मानवी दृष्टी भोवतालच्या प्रकाशाच्या रंगाशी जुळवून घेते आणि सावलीतल्या बर्फालाही पांढरा समजते. कॅमेरा असे काही जुळवून घेत नाही. मग ५५०० केल्विनवर पक्का केलेला कॅमेरा जे दाखवतो ते 'खरे' आणि डोळ्यांनी पाहिलेले 'खोटे', असे कसे म्हणता येईल? 'डेलाइट' हीदेखील दुपारच्या उन्हासाठी ठरवलेली एक मानवी सोय आहे. पहाटेच्या छायाचित्राला ती लावणे हाही शेवटी एक निवडलेला पक्षच आहे, आणि त्याला वस्तुनिष्ठतेचा मुलामा देऊ नये.

पहाटवाट (धागाकर्ता)

आक्षेप रास्त आहे आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. 'डेलाइट' म्हणजे सत्य, असा माझा दावा नाही.

परंतु दृष्टीच्या जुळवून घेण्यालाही मर्यादा आहे. चौकटीत एकाच रंगाचा उजेड असेल, तर डोळे त्याला पांढरा मानून मोकळे होतात. शिखरावर तांबूस आणि उतारावर निळा असे दोन उजेड शेजारी शेजारी असले की त्यांच्यातला फरक डोळ्यांनाही दिसतोच, किंबहुना दोन्ही रंग एकमेकांना अधिक उठाव देतात. म्हणजे जपण्यासारखी गोष्ट निळ्याची तीव्रता नसून त्या दोन रंगांमधले अंतर आहे. म्हणूनच संस्करण करताना मी केल्विनचा आकडा फारसा हलवत नाही. निळा फारच भडक वाटला, तर फक्त निळ्या रंगाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडे उतरवतो. असे केल्याने सावली शांत होते आणि शिखराचा गुलाबी रंग जागचा हलत नाही. सूर्योदयापूर्वीच्या, संपूर्ण निळ्या छायाचित्रांबाबत मात्र आपले म्हणणे अधिक लागू पडते. तिथे कॅमेऱ्याचा आकडा ६५००-७००० केल्विनपर्यंत नेऊन निळा थोडा कमी केल्यास माझी हरकत नाही.

निळी_वेळ

सूर्योदयापूर्वीच्या निळ्या रंगाचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालते. दिवसाचे आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंमुळे प्रकाश विखुरतो म्हणून, हे आपण शाळेत शिकतो. संधिप्रकाशात मात्र एवढ्याने भागत नाही. त्या वेळी सूर्यकिरणांना वातावरणातून इतका लांब, तिरपा प्रवास करावा लागतो की केवळ विखुरण्याचा हिशेब केला तर डोक्यावरचे आकाश पिवळसर-राखाडी दिसायला हवे. ते गडद निळे राहते याचे मुख्य श्रेय ओझोनच्या थराला जाते, कारण ओझोन नारिंगी-पिवळ्या भागातला प्रकाश शोषून घेतो. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ साली हे दाखवून दिले. तेव्हा त्या वेळच्या बर्फावरचा निळा रंग दुपारच्या सावलीतल्या निळ्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, आणि तो घालवून टाकणे मला तरी जिवावर येते.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा उपयोग असा की सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश असताना हा निळा रंग सर्वांत दाट असतो. त्यानंतर काही वेळाने, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पहाटे पश्चिमेकडे, क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाची एक पट्टी आणि तिच्यावर गुलाबी पट्टा दिसू लागतो. खालची पट्टी म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. जसजसा सूर्य वर येतो, तसतशी ती सावली खाली सरकते आणि गुलाबी पट्टा शिखरांच्या मागे उतरतो. शिखर आपल्या पश्चिमेला असेल, तर अजून ऊन न लागलेले निळे शिखर आणि त्यामागे गुलाबी आकाश, असे दृश्य काही मिनिटे मिळते. बहुतेक लोक या वेळी पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट पाहत असतात, हे पाहून दर वेळी वाईट वाटते.

नवखा_प्रवासी

चर्चा फार उपयुक्त आहे. सूर्योदयाची वेळ मोबाइलवर पाहिली, तर तिच्या किती आधी जागेवर पोहोचावे? तसेच ऊन शिखरावर त्याच वेळी येते का?

कडेकपारी

ऊन त्याच वेळी येत नाही, आणि हीच गोष्ट अनेकांच्या हिशेबातून निसटते. मोबाइलवर दिसणारी वेळ सपाट क्षितिज गृहीत धरून काढलेली असते. उंच शिखरावरून क्षितिज खाली दिसते; ४००० मीटर उंचीवरून, मध्ये दुसरे डोंगर नसतील तर, ते जवळपास २ अंश खाली असते. सूर्य उगवतीच्या वेळी विषुववृत्ताजवळ सुमारे चार मिनिटांत एक अंश वर येतो, म्हणून त्या शिखराला समुद्रसपाटीच्या मानाने सात-आठ मिनिटे आधी ऊन लागते. मध्यम अक्षांशांवर सूर्य तिरका वर येतो, त्यामुळे तिथे हा फरक दहा मिनिटांच्याही पुढे जातो. याउलट खालच्या दरीत, पूर्वेकडची धार आडवी असेल, तर सूर्य उगवून तास उलटला तरी ऊन पोहोचत नाही. त्यामुळे केवळ वेळ पाहू नये. सूर्य त्या तारखेला कोणत्या दिशेला उगवतो आणि त्या दिशेला कोणती धार आहे, हे आदल्या दिवशी नकाशावर आणि शक्यतो प्रत्यक्ष जागेवर पाहून ठेवावे. हिवाळ्यात उत्तर गोलार्धात सूर्य आग्नेयेकडे झुकून उगवतो, म्हणून उन्हाळ्यात पहिल्या किरणांनी उजळणारा ईशान्येकडचा कडा हिवाळ्यात सबंध सकाळ सावलीत राहू शकतो.

पोहोचण्याबाबत म्हणाल, तर सूर्योदयापूर्वी किमान एक तास आधी जागेवर असावे. निळी_वेळ यांनी सांगितलेला सगळा खेळ त्या तासात होतो. शिवाय अंधारात जागा निवडणे आणि अंधारात, आधी निवडलेल्या जागेवर उभे राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक सूचना आग्रहाने करतो. धारेच्या टोकाला वाऱ्याने साचलेला बर्फ पुष्कळदा खडकाच्या पुढे, हवेत लोंबकळत असतो. पहाटेच्या सपाट उजेडात सावल्या नसल्यामुळे खडक कुठे संपला आणि नुसता बर्फ कुठे सुरू झाला, हे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. चौकट सुधारण्यासाठी त्या बाजूला चार पावले पुढे सरकण्याचा मोह टाळावा. हिमस्खलनाचा इशारा असलेल्या दिवशी उताराखाली तिपाई मांडूच नये.

तिपाई

वरील प्रतिसादाला जोडून पायांच्या ठशांबद्दल सांगतो. तिरप्या उन्हाचा गुण असा की तो बर्फावरची प्रत्येक उंचसखल रेघ ठळक करतो. वाऱ्याने कोरलेल्या लाटा, रात्रीच्या थंडीत पृष्ठभागावर उभे राहिलेले पिसांसारखे हिमस्फटिक, एरवी सपाट वाटणाऱ्या उतारावरची पन्हळ, हे सगळे सूर्य काही अंश वर असेपर्यंतच दिसते. पण त्याच न्यायाने आपण अंधारात इकडेतिकडे फिरून उमटवलेले ठसेही दिसतात, आणि ते पुसण्याचा उपाय नसतो. म्हणून अग्रभागाला मोठा वळसा घालून, चौकटीच्या बाहेरूनच जागेवर यावे. दोघेतिघे बरोबर असतील, तर कोणी कुठे उभे राहायचे हे आधी बोलून घेतलेले बरे. भांडणे यावरूनच होतात.

भुसभुशीत बर्फात तिपाई रोवताना पाय पूर्ण फाकवून वरून दाबू नये. पाय खाली जाताना आणखी फाकू पाहतात आणि वरच्या सांध्यावर ताण येऊन तो तडकू शकतो. आधी बुटांनी बर्फ तुडवून घट्ट करावा, पाय थोडे आत घेऊन रोवावेत आणि सर्वांत खालचा भाग उघडलेला ठेवावा, म्हणजे वरच्या कुलपांमध्ये बर्फ जाऊन ती गोठत नाहीत.

नवखा_प्रवासी

फिल्टर कोणते घ्यावेत? आणि अंधारात फोकस कसा करावा, कारण ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो असे ऐकले आहे.

जुनी_फिल्म

पोलरायझर (ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवून आकाश गडद करणारा फिल्टर) पहाटे घरी ठेवला तरी चालेल. सूर्य क्षितिजावर असताना आकाशाचा सर्वाधिक ध्रुवित भाग उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या पट्ट्यात असतो. वाइड अँगल लेन्स त्या दिशेला वळवली, तर आकाशात मध्येच एक काळपट डाग येतो. उंचावरचे आकाश मुळातच गडद असते, त्यात पोलरायझर लावला की ते काळे पडते. शिवाय दीड ते दोन स्टॉप उजेड जातो आणि बर्फाच्या कणांवरची चमकही मरते. वरच्या बाजूला गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर काही वेळा उपयोगी पडतो, पण शिखराची रेषा सरळ नसल्याने मऊ कडेचाच घ्यावा. मी आता त्याऐवजी शिखरासाठी एक आणि अग्रभागासाठी एक, अशी दोन एक्स्पोजर घेऊन ती नंतर जोडतो.

फोकससाठी ऑटोफोकस बंद करावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दृश्य दहापट मोठे करावे आणि एखादा ठळक तारा किंवा दूरचा दिवा बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवावी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भिस्त ठेवू नये. कडक थंडीत ती जागा किंचित सरकलेली असते. थोडे उजाडले की शिखराची कडा आणि आकाश जिथे मिळतात तिथे ऑटोफोकसही नीट बसतो, नुसत्या पांढऱ्या उतारावर बसत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे) दूरच्या कड्यांचा रेखीवपणा कमी होऊ लागतो.

निळी_वेळ

थंडीचे दोन मुद्दे राहिले आहेत. लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, परंतु ती प्रत्यक्षात रिकामी झालेली नसते. अंगाजवळच्या खिशात ऊब मिळाली की पुन्हा काही वेळ चालते. त्यामुळे दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापराव्यात. दुसरे म्हणजे थंड कॅमेरा उबदार खोलीत तसाच आणला की हवेतले बाष्प त्याच्यावर आणि प्रसंगी आतही साचते. बाहेर असतानाच तो हवाबंद पिशवीत घालावा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. छायाचित्रे पाहण्याची घाई असेल, तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्यावे. व्ह्यूफाइंडरवर उच्छ्वास सोडू नये हे सांगायला नको. तिथे क्षणात दव गोठते आणि ते खरवडत बसेपर्यंत शिखरावरचा रंग निघून गेलेला असतो.

कोरडे_सत्य

धागाकर्त्यांचे अंतर जपण्याचे म्हणणे मला पटले. 'दोन रंगांमधले अंतर' असा मुद्दा असेल, तर वादाला फारशी जागा उरत नाही. एक शंका मात्र राहते. पडद्यावर नीट दिसणारे हेच छायाचित्र कागदावर छापले की सावलीतला बर्फ मळकट दिसतो आणि पाहणारे पुन्हा 'निळा पडला' असेच म्हणतात. तेव्हा काय करावे?

पहाटवाट (धागाकर्ता)

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त परतवतो. त्यामुळे पडद्याची प्रखरता जास्त ठेवून संस्करण केलेले छायाचित्र कागदावर अंधारेच येते, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका सावलीतल्या बर्फाला बसतो. मी छपाईसाठी वेगळी प्रत करतो. पडद्याची प्रखरता उतरवतो, छायाचित्राभोवती कोऱ्या पांढऱ्या रंगाची रुंद चौकट लावून पाहतो आणि त्या पांढऱ्याच्या शेजारी सावलीतले उतार मळकट वाटू लागले, तर त्यांची मधली छटा थोडी उचलतो. केल्विनच्या आकड्याला हात लावत नाही. उन्हातल्या बर्फाचा सर्वांत उजळ ठिपकाही कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यापर्यंत जाऊ देत नाही, २५५ पैकी २४५ च्या आसपास थांबवतो, म्हणजे तिथे शाईचा काहीतरी थर पडतो आणि पोत टिकतो. कागदाचा स्वतःचा रंगही तपासावा: पिवळसर झाक असलेल्या कागदावर शिखराचा गुलाबी रंग खुलतो, पण निळा राखाडीकडे झुकतो, आणि अशा छायाचित्रांसाठी मी तो कागद वापरत नाही.